मदरबोर्डचं ऑटो ओव्हरक्लॉकिंग: बटण बंद ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका

प्रश्न थोडक्यात असा: नवीन मशीन जोडलंय, प्रोसेसर इंटेलचा आय७-१३७००के, वर चांगला टॉवर कूलर. बायोस (मशीनच्या मूळ सेटिंगची पानं) उघडल्यावर पहिल्याच पानावर ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे प्रोसेसरला ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचं, एक बटण दिसलं, ते चालू केलं. बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीचा, आकडा जरासा वाढला, पण तापमान शंभरीला टेकलं आणि एक गेम अधूनमधून आपोआप बंद व्हायला लागला. बटण बंद केल्यावर गेम बरा चालतोय, तरी रेंडर (व्हिडिओ किंवा त्रिमितीय चित्र तयार करण्याचं जड काम) लावला की तापमान पुन्हा नव्वदीच्या वर. तर हे बटण वापरावं का, आणि बंद केल्यावरही मशीन एवढं का तापतं?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: बंद ठेवा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर बहुतेकांना ठाऊक नसतं. ते बटण बंद असलं तरी तुमचा बोर्ड प्रोसेसरला ठरलेल्या मर्यादेपलीकडे पळवत असू शकतो, आणि तसं करताना तो तुम्हाला विचारत नाही. बायोसमध्ये 'ऑटो' दिसलं की आपण धरून चालतो, हे प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीनं ठरवलेलं असणार. प्रत्यक्षात ते बोर्ड बनवणाऱ्या कंपनीनं ठरवलेलं असतं. आणि बोर्ड कंपन्यांची आपापसातली चढाओढ बेंचमार्कच्या तक्त्यांवर चालते, तुमच्या खोलीतल्या उष्णतेवर नाही.

'आपोआप ओव्हरक्लॉकिंग' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. त्या आधी वेगळ्या करू.

पहिली गोष्ट म्हणजे प्रोसेसरचा स्वतःचा बूस्ट. इंटेलनं टर्बो बूस्ट २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ बरोबर आणला, एएमडीनं टर्बो कोअर २०१० मध्ये फिनॉम २ एक्स६ बरोबर, आणि २०१७ पासून रायझनमध्ये प्रिसिजन बूस्ट आहे. चिप स्वतःच तापमान, प्रवाह आणि वॅट बघून क्षणाक्षणाला वेग बदलते. हे ओव्हरक्लॉकिंग नव्हे. खोक्यावर '५.४ गिगाहर्ट्झपर्यंत' असं छापलेलं असतं ते यातूनच मिळतं आणि वॉरंटीतही बसतं. तापमान कमी करायला काही जण टर्बोच बंद करून टाकतात. १३७००के वर तसं केलं तर मोठे कोअर (चिपमधले वेगवान गणन विभाग) ३.४ गिगाहर्ट्झवर अडकतील, म्हणजे पैसे ज्याचे मोजले तेच फेकून दिल्यासारखं. टर्बोला हात लावू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे मर्यादा उठवणं, आणि खरी गोम इथे आहे. साधारण २०१२ मध्ये, इंटेलच्या झेड७७ चिपसेटच्या काळात, बोर्डांमध्ये एक नवा पर्याय दिसायला लागला. असूस त्याला 'मल्टीकोअर एन्हान्समेंट' म्हणतं, एमएसआय 'एन्हान्स्ड टर्बो', गिगाबाइट 'एन्हान्स्ड मल्टी-कोअर परफॉर्मन्स'. काम एकच: एकदोन कोअर चालू असताना मिळणारा सर्वांत वरचा वेग सगळ्याच कोअरना देऊन टाकायचा. आय९-९९००के घ्या. इंटेलच्या तक्त्यात दोन कोअरपर्यंत ५.० गिगाहर्ट्झ, आणि आठही कोअर कामाला लागले की ४.७. हा पर्याय चालू असला की आठही ५.० वर. ९५ वॅटचा म्हणून विकलेला प्रोसेसर मग दीडशे वॅटच्या पार जातो.

याचं जुळं भावंड म्हणजे वॅटच्या मर्यादा. इंटेलमध्ये त्या तीन आकड्यांत असतात: पीएल१ ही दीर्घकाळची मर्यादा, पीएल२ ही थोड्या वेळाची, आणि टाऊ म्हणजे तो थोडा वेळ किती. आय९-१०९००के साठी इंटेलचे आकडे होते १२५ वॅट, २५० वॅट आणि ५६ सेकंद. बाराव्या पिढीपासून 'के' (ओव्हरक्लॉकिंगची मुभा असलेल्या) प्रोसेसरना पीएल१ आणि पीएल२ सारखेच ठेवायची मुभा इंटेलनंच दिली. तुमच्या १३७००के साठी ती मर्यादा २५३ वॅट आहे. पण तुमच्या बोर्डाच्या बायोसमध्ये 'लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट' नावाच्या ओळीसमोर ४०९५ किंवा ४०९६ असा आकडा दिसला तर नवल वाटून घेऊ नका. कोणताही प्रोसेसर चार हजार वॅट खात नाही. तो आकडा म्हणजे 'मर्यादा नाही' असं सांगायची पद्धत आहे. तापमान शंभर अंशांना टेकेपर्यंत चिपला अडवणारं मग काही उरत नाही. टॉवर कूलर अडीचशे वॅटला आधीच घाईला आलेला असतो, त्यापुढे तो काय करणार?

एक बारकावा जवळून बघा. असूसच्या अनेक बोर्डांवर मल्टीकोअर एन्हान्समेंटच्या यादीत तीन पर्याय असतात: 'ऑटो – लेट्स बायोस ऑप्टिमाइझ', 'एनेबल्ड – रिमूव्ह ऑल लिमिट्स' आणि 'डिसेबल्ड – एन्फोर्स ऑल लिमिट्स'. आपण 'एनेबल्ड'ला हात लावलेला नसतो, म्हणून आपलं मशीन मूळ स्थितीत आहे असं वाटतं. पण इंटेलच्या मर्यादा पाळायच्या असतील तर त्या यादीतला 'डिसेबल्ड'च निवडावा लागतो, 'ऑटो' नाही. शिवाय काही बोर्डांवर मेमरीचं एक्सएमपी प्रोफाइल (पट्टीवर छापलेला वेग मिळवून देणारी तयार सेटिंग) चालू करताना एक छोटी खिडकी येते आणि सगळ्या कोअरना वाढीव वेग द्यायचा का असं विचारते. लोक घाईघाईत 'यस' दाबतात. मेमरी लावायला गेलेला माणूस प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून परत येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे तुम्ही दाबलेलं बटण, खरंखुरं ओव्हरक्लॉकिंग. एमएसआयनं २००९ च्या सुमारास 'ओसी जिनी' नावानं बोर्डावरच तसं बटण दिलं होतं, आज त्यांचं 'गेम बूस्ट' आहे. २०१८ मध्ये झेड३९० बोर्डांबरोबर असूसचं 'एआय ओव्हरक्लॉकिंग' आलं. यात दोन जाती आहेत. जुनी जात म्हणजे ठरावीक आकडे: अमुक प्रोसेसर दिसला की अमुक वेग आणि अमुक व्होल्टेज, चिप कशी का असेना. नवी जात थोडी शहाणी आहे. प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातच भरलेला वेग-व्होल्टेजचा तक्ता ती वाचते, कूलर किती उष्णता ओढतो याचा काही काळ अंदाज घेते आणि मग वेग ठरवते. ही दुसरी जात पहिलीपेक्षा नक्कीच बरी. तरी तिच्याबद्दल माझी तक्रार उरतेच, आणि ती व्होल्टेजची आहे.

एकाच मॉडेलच्या दोन चिप सारख्या नसतात. एकीला ५ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्ट पुरतात, दुसरीला १.३० लागतात. बोर्ड कंपनीला आपली सेटिंग लाखो मशीनवर चालवायची असते. सेटिंग कमी पडली तर मशीन बंद पडतं आणि ग्राहक बोर्ड परत करतो. जास्त झाली तर फक्त पंखा जोरात फिरतो, आणि त्यासाठी कोणी बोर्ड परत करत नाही. त्यामुळे आपोआप ठरणारं व्होल्टेज नेहमी सर्वांत वाईट चिपला पुरेल इतकं असतं. तुमची चिप मध्यम किंवा चांगली असेल, आणि तशी असण्याचीच शक्यता जास्त, तर तिला गरजेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज मिळतं.

आता त्याची किंमत किती ते बघू. चिपचा विजेचा वापर ढोबळमानाने वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. समजा ४.७ चे ५.० गिगाहर्ट्झ केले आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३२ वर नेलं. वेग वाढला सुमारे ६ टक्के. व्होल्टेजचं गुणोत्तर १.१, त्याचा वर्ग १.२१, त्याला वेगाच्या १.०६४ नं गुणा: विजेचा वापर वाढला सुमारे २९ टक्के. वर गळतीचा प्रवाह तापमानाबरोबर वाढतो तो वेगळाच. सहा टक्क्यांसाठी एकोणतीस टक्के. आणि गेममध्ये ते सहा टक्केही दिसत नाहीत, कारण तिथे बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्ड किंवा मेमरी आडवी येते. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच टोकाला ताणून येतात. एकेकाळी २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर घेऊन त्याचे ३.२ करता यायचे, तेव्हा कंपनी ती जागा शिल्लक ठेवायची. आता ती जागा बूस्टच खाऊन टाकतो. एका बटणानं मिळण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, हे मी गेल्या कित्येक पिढ्या बघतो आहे.

व्होल्टेजशी निगडित आणखी एक सेटिंग बोर्ड गुपचूप बदलतो, ती म्हणजे लोड-लाइन कॅलिब्रेशन. लोड, म्हणजे कामाचा भार, वाढला की चिपपर्यंत पोचणारं व्होल्टेज थोडं खाली येतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. ती घसरण पूर्ण थांबवायला गेलं, की लोड अचानक सुटताना व्होल्टेज उसळी मारतं. ती उसळी मायक्रोसेकंदांची असते, एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या प्रोग्रॅमच्या आकड्यांत दिसत नाही, ऑसिलोस्कोप लावला तरच दिसते. ऑटो ओव्हरक्लॉकिंग बहुतेकदा हे कॅलिब्रेशन कडक करतं. हातानं ठेवायचं तर मधली पातळी ठेवा. मात्र क्रमांकांवर विसंबू नका: काही कंपन्यांमध्ये १ म्हणजे सर्वांत कडक, काहींमध्ये सर्वांत सौम्य. शेजारी आलेख दिलेला असतो, तो बघून ठरवा.

तुमचा प्रोसेसर तेराव्या पिढीचा आहे म्हणून पुढचं विशेष लक्ष देऊन वाचा. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरतेच्या तक्रारी वाढत गेल्या आणि २०२४ मध्ये इंटेलनं त्याचं कारण जाहीर केलं. कोअरमधल्या क्लॉकच्या सर्किटचा एक भाग जास्त व्होल्टेज आणि तापमानात लवकर झिजतो आणि मग त्याच वेगाला आधीपेक्षा जास्त व्होल्टेज लागायला लागतं. तिथवर नेणाऱ्या ज्या परिस्थिती इंटेलनं सांगितल्या, त्यात पहिलीच होती बोर्डांनी इंटेलच्या मर्यादा ओलांडून दिलेली पॉवर. उरलेल्या इंटेलच्याच मायक्रोकोडमधल्या (चिपच्या आतल्या सूचनांमधल्या) होत्या, त्यामुळे सगळा दोष बोर्डांवर टाकणं बरोबर होणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ०एक्स१२९ मायक्रोकोडनं चिपची १.५५ व्होल्टच्या वरची मागणी अडवली, त्यानंतर सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला. या प्रोसेसरची वॉरंटीही इंटेलनं दोन वर्षांनी वाढवली. हे मायक्रोकोड बायोस अपडेटमधून येतात. तुमच्या बोर्डाचा बायोस त्याआधीचा असेल तर बाकी काहीही करण्याआधी तो अपडेट करा. हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका, कारण झालेली झीज कोणताही मायक्रोकोड भरून काढत नाही.

या बिघाडाचं एक लक्षण लोकांना फार चकवतं. गेम सुरू होताना शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात आणि संदेश येतो 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी'. माणूस ग्राफिक्स कार्ड बदलायला निघतो. प्रत्यक्षात त्या वेळी प्रोसेसर मोठाल्या फाइली उलगडत असतो, हिशेबात एक बिट चुकतो आणि दोष भलत्याच भागावर जातो. तुमचा गेम नेमका कोणता संदेश देऊन बंद पडला ते पाहून ठेवा.

एएमडीवाल्यांसाठी चित्र वेगळं आहे, पण धडा तोच. तिथे मर्यादांची नावं पीपीटी, टीडीसी आणि ईडीसी: पहिली वॅटची, उरलेल्या दोन अँपिअरच्या. १०५ वॅटचा म्हणून विकलेला रायझन ७ ५८००एक्स प्रत्यक्षात १४२ वॅटच्या पीपीटीवर चालतो, ६५ वॅटचे ८८ वर, आणि एएम५ सॉकेटमधले १७० वॅटचे २३० वर. 'प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह', म्हणजे पीबीओ, चालू केलं आणि मर्यादा 'मदरबोर्ड'वर ठेवल्या, की हे तिन्ही आकडे बोर्डाच्या हाती जातात. एएमडीच्या वॉरंटीत पीबीओ बसत नाही, हेही माहीत असू द्या. २०२० मध्ये तर असंही उघड झालं की काही बोर्ड प्रोसेसरला प्रवाहाचा आकडाच कमी करून सांगत होते. प्रोसेसरला वाटायचं आपण मर्यादेत आहोत, आणि तो बिनधास्त जास्त खात राहायचा. ते पकडायला एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'पॉवर रिपोर्टिंग डेव्हिएशन' नावाची ओळ आली.

तरीही आपोआप चालणाऱ्या सुविधांमध्ये मला मनापासून आवडलेली एक गोष्ट एएमडीकडेच आहे: कर्व्ह ऑप्टिमायझर. रायझन ५००० बरोबर २०२० मध्ये ती आली. वेग-व्होल्टेजचा अख्खा तक्ता खाली सरकवायचा, एक पायरी साधारण तीन ते पाच मिलिव्होल्टची. वेग तुम्ही ठरवत नाही. व्होल्टेज कमी झालं की त्याच वॅटमध्ये आणि त्याच तापमानात जागा मोकळी होते, आणि बूस्ट ती जागा स्वतः वापरून वर चढतो. जास्त ढकलून नव्हे, कमी देऊन वेग मिळवायचा. आजच्या प्रोसेसरना हाच रस्ता मानवतो. सुरुवात सगळ्या कोअरना उणे १० पासून करा. उणे ३० सगळ्यांना चालतं असं कुणी सांगितलं तर ते त्याच्या चिपचं सांगतोय. बायोस ज्या कोअरवर तारा दाखवतो, म्हणजे सर्वांत चांगले कोअर, त्यांनाच सहसा कमी उणे मानवतं, कारण सर्वांत वरचा वेग त्यांनाच गाठायचा असतो.

इथली अस्थिरता लोड असताना दिसत नाही, ही यातली मुख्य अडचण. सिनेबेंच ही रेंडरची चाचणी तासभर बिनचूक चालते आणि मशीन नुसतं बसलेलं असताना, ब्राउझरचं एखादं पान उघडं असताना, रीस्टार्ट होतं. कारण सगळे कोअर एकदम चालताना वेग कमी असतो. एकटा कोअर क्षणभर टोकाला जातो तेव्हा व्होल्टेज तोकडं पडतं. असं झालं की विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टिम' लॉग उघडा आणि 'व्हिया-लॉगर' (WHEA-Logger) या नावाची नोंद शोधा. क्रमांक १८, मजकूर 'कॅशे हायरार्की एरर', आणि खाली 'प्रोसेसर एपिक आयडी'. समजा तिथे ६ लिहिलंय. आठ कोअरच्या रायझन ५००० मध्ये एसएमटी (एका कोअरवर एकाच वेळी दोन कामं) चालू असेल तर त्याला दोनने भागा: कोअर क्रमांक ३, शून्यापासून मोजलेला. फक्त त्या कोअरचं उणे पाचसात पायऱ्यांनी कमी करा, म्हणजे शून्याकडे आणा, बाकीच्यांना हात लावू नका. नोंद पुन्हा आली तर आणखी पाच. एवढं नेमकं बोट ठेवणारी नोंद दुसरीकडे क्वचितच मिळते, आणि बहुतेक लोक ती न बघताच सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

एक्स३डी प्रोसेसरबाबत मात्र काटेकोर राहा. ५००० आणि ७००० मालिकांत कोअरच्या वर रचलेल्या जादा कॅशेमुळे (चिपमधल्या जलद मेमरीमुळे) त्यांना जास्त व्होल्टेज झेपत नाही. ७८००एक्स३डी ची तापमानाची मर्यादाही ८९ अंश आहे, ९५ नव्हे. २०२३ मध्ये काही ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाले, आणि त्यात मेमरीचं एक्स्पो प्रोफाइल (एक्सएमपीचं एएमडीकडचं रूप) चालू केल्यावर बोर्डांनी आपणहून वाढवलेलं एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) हा कळीचा मुद्दा होता. त्यानंतर एएमडीनं बायोसमधूनच ते १.३ व्होल्टवर अडवलं. एएम५ बोर्डावर त्या काळातला जुना बायोस असेल तर तो बदलल्याशिवाय एक्स्पो चालू करू नये.

मेमरीचा विषय निघालाच आहे तर एक्सएमपी आणि एक्स्पो हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे. डीडीआर५ ची प्रमाणित सुरुवात ४८०० ला होते, तुमची पट्टी ६००० ची असली तरी. पण हे ओव्हरक्लॉकिंग करण्यासारखं आहे. गेममध्ये प्रोसेसरच्या सहा टक्क्यांपेक्षा याचा फरक सहसा जास्त दिसतो. चालू केल्यावर मेमटेस्ट८६ ची पूर्ण फेरी होऊ द्या, आणि वर सांगितलेल्या त्या खिडकीला 'नो' म्हणा.

आता तुमच्या मशीनचं काय करायचं. बायोस अपडेट करा, मग 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स'. नव्या बायोसमध्ये 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' असा पर्याय मिळेल, तो निवडा. मल्टीकोअर एन्हान्समेंट किंवा तुमच्या बोर्डावर जे नाव असेल ते स्पष्टपणे बंद करा. पीएल१ आणि पीएल२ हातानं २५३ लिहा, आणि प्रवाहाची मर्यादा, आयसीसी मॅक्स, ३०७ अँपिअर आहे ना ते बघा. मग विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो उघडून सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालवा. तीनच ओळी लिहून ठेवा: सीपीयू पॅकेज पॉवर, सर्वांत गरम कोअरचं तापमान, आणि व्हीकोअर (कोअरचं व्होल्टेज). त्याच यादीत 'परफॉर्मन्स लिमिट रीझन्स' असा भाग आहे. प्रोसेसर कशामुळे थांबला, वॅटमुळे, प्रवाहामुळे की तापमानामुळे, ते तिथे हो-नाहीत लिहिलेलं असतं. थर्मल थ्रॉटलिंगसमोर 'यस' आलं तर कूलरला २५३ वॅट जड जातात. मग मर्यादा दोनशेवर किंवा १८० वर आणा. रेंडरला थोडा वेळ जास्त लागेल. गेममध्ये तुम्हाला फरक कळणार नाही, कारण बहुतेक गेम त्या मर्यादेपर्यंत पोचतच नाहीत.

हे स्थिर झाल्यावर, हौस असेल तर, व्होल्टेज कमी करून बघा. ऑफसेट (मूळ व्होल्टेजमधली घट-वाढ) उणे ०.०५ व्होल्टपासून सुरू करा. प्रत्येक पायरीला सिनेबेंचचा गुण तपासा, नुसतं तापमान नको. व्होल्टेज उतरलं, तापमान उतरलं, पण गुणही घसरला, असं झालं तर प्रोसेसर आतून घड्याळ ताणतोय. वरवरचा वेग तोच दिसतो, पण एचडब्ल्यूइन्फोमधला 'इफेक्टिव्ह क्लॉक' त्याच्या बराच खाली असतो. या पिढीत त्यामागे बहुतेकदा 'आयए सीईपी' हे संरक्षण असतं: आपल्याला मागितल्यापेक्षा कमी व्होल्टेज मिळतंय हे त्याला कळतं आणि ते ब्रेक लावतं. तिथे थांबा आणि एक पायरी मागे या.

चाचणीबद्दल माझं ठाम मत आहे. प्राइम९५ चा 'स्मॉल एफएफटी' कूलर तपासायला चांगला, स्थिरता ठरवायला एकट्यानं अपुरा. वाय-क्रंचर वेगळ्या ठिकाणी बोट घालतो. कोअरसायकलर एकेक कोअर आलटून पालटून टोकाला नेतो, त्यामुळे एकट्या कोअरच्या चुका तिथे सापडतात. ७-झिपचा अंगभूत बेंचमार्क लोक विसरतात, पण फाइल उलगडण्यातली चूक तो लगेच दाखवतो, आणि तुमच्या गेमची अडचण त्याच जातीची असू शकते. यांत एक रात्र मशीन नुसतं चालू ठेवणंही धरा. आणि बोर्डाबरोबर येणारी विंडोजमधली ट्यूनिंगची सॉफ्टवेअर काढून टाका. ती बायोसच्या डोक्यावर बसून आकडे बदलतात आणि मग कोणी काय बदललं ते कळत नाही.

हे बटण कोणीच वापरू नये का? नव्या जातीचं एआय ओव्हरक्लॉकिंग मी एका कामासाठी वापरतो: ते चालू करतो, ते काय ठरवतंय ते लिहून घेतो आणि बंद करतो. चिपचा तक्ता काय म्हणतो याचा त्यातून अंदाज येतो. मग वेग त्याच्या आसपास ठेवून व्होल्टेज मी हातानं उतरवतो. मोठा लिक्विड कूलर आहे, भक्कम व्हीआरएमचा (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचा) बोर्ड आहे, आणि रोज तासन्‌तास रेंडर चालतं अशांना यातून खरा फायदा होऊ शकतो. 'के' नसलेल्या प्रोसेसरवर मात्र या बटणाचा अर्थ फक्त वॅटची मर्यादा वाढवणं एवढाच उरतो. आय५-१२४०० सारख्याला ६५ ऐवजी ११७ वॅट सतत मिळाले तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. बरा कूलर तेवढा हवा.

तुमच्या गेमबद्दल शेवटचं. इंटेल डिफॉल्टवर, एक्सएमपी बंद ठेवून, नव्या मायक्रोकोडवर तो आठवडाभर खेळा. बंद पडला नाही तर एक्सएमपी चालू करून पुन्हा आठवडाभर. तिथेही ठीक राहिला तर दोष त्या बटणाचा होता आणि प्रकरण मिटलं. पण सगळं डिफॉल्टवर असूनही तो बंद पडत असेल किंवा ७-झिपमध्ये चूक येत असेल, तर व्होल्टेज वाढवून चिपला चालती ठेवायचा प्रयत्न करू नका. तशी ती काही महिने चालेल, झीज वाढत जाईल, आणि मधल्या काळात तुमच्या फाइली बिघडत राहतील. वाढीव वॉरंटी नेमकी यासाठीच आहे: प्रोसेसर बदलून मागा, आणि नवा बसवण्याआधी बायोस अपडेट झालेला आहे याची खात्री करा. यापुढे प्रत्येक बायोस अपडेटनंतर पॉवर लिमिटचं ते पान पुन्हा उघडून बघा, कारण अपडेट झालं की सगळ्या ओळी परत 'ऑटो'वर जातात.